उलट करावे

४ जून
कार्यालय, आठवा मजला

ताई,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर केला म्हणून आधी कान पकडतो. इकडे माझं चरित्र लिहिलं जातंय. एक माणूस रोज सकाळी दहाला येऊन माझ्यासमोर बसतो आणि मी चहा कुठल्या दिशेने ढवळतो तेसुद्धा टिपून घेतो. पुस्तकाचं नाव 'एका गुंतवणूकदाराचं जीवन आणि दान' असं ठरलंय. 'दान' मला जरा जास्त वाटलं, पण त्याशिवाय खपणार नाही असं प्रकाशकाचं म्हणणं पडलं.

या चरित्रकाराला दोनच प्रश्न पडलेत. पहिला म्हणजे, तीस वर्षं बुडणाऱ्या कंपन्यांचा वास मला सगळ्यांच्या आधी कसा आला? लोक जिच्यामागे धावत होते तिचेच शेअर विकून मी मोकळा कसा झालो? मी म्हटलं, अभ्यास. त्याने 'अभ्यास' लिहून खाली दोन रेघा मारल्या. दुसरा प्रश्न माझ्या न्यासाबद्दल होता. बाकीचे पैसेवाले स्वतःच्या नावाची सभागृहं बांधतात, मग बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायचं तुम्हालाच कसं सुचलं? पेन्शनच्या रांगेत बाकं टाकायचं कुणाच्या डोक्यात येतं? मी म्हटलं, अंतःप्रेरणा. त्याच्याखाली तीन रेघा.

तुझं नाव मी काढलं नाही. काढणार तरी कसं? यातल्या प्रत्येक गोष्टीच्या नावाने तू बोटं मोडली होतीस. स्वच्छतागृहाबद्दल लिहिलं होतंस, "बायकांनी घरून जाऊन यावं, एवढे लाड कशाला." वाचनालयाचं छप्पर गळत होतं तेव्हा, "गळू दे, पुस्तकं भिजली तर लोक कामाला तरी लागतील." बाकांवर तर तू दीड पान खर्च केलं होतंस. आपलं एका गोष्टीवर कधी जमलं नाही. तरी दर पंधरा दिवसांनी मी तुला लिहितो आणि तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसतो. हे चरित्रकाराला सांगितलं असतं तर त्याने मला हळवा ठरवला असता.

तर नेहमीसारखं सविस्तर लिही. हल्ली तुला काय आवडतं? कुठला साबण, कुठला डबा, कुठली गादी? नवीन काय निघालंय ज्यावर तू खूश आहेस? आणि कशाचा राग आलाय? हातानेच लिही, कागदाच्या एकाच बाजूला लिही, आणि शाई मी पाठवलेलीच वापर. यंत्रावर लिहिलेल्या पत्रात माणूस भेटत नाही.

हात बरा आहे ना? मागच्या पत्रातलं अक्षर डावीकडे कललं होतं. आणि ते शेवटचं वाक्य. पूर्वी तू आशीर्वाद लिहायचीस. आता एकोणीस वर्षं प्रत्येक पत्र त्याच एका वाक्याने संपतं. सवय झालीय म्हणा. चरित्रकाराला पत्रं दाखवायची वेळ आलीच तर तेवढी ओळ मी झाकून घेईन.

तुझा
ठोंब्या

तुला लिहिताना सहीला अजून हेच नाव येतं. बाहेर कुणी ऐकलं तर आमचे शेअर गडगडतील.


९ जून
दुकान

ठोंब्या,

चरित्र येतंय म्हणजे तू नऊ वर्षांचा होईपर्यंत गादी ओली करायचास तो भाग कुठल्या प्रकरणात बसवलाय तेवढं कळव. गादीच्या कंपनीला जाहिरातीला उपयोगी पडेल.

हात बरा नाही रे. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. बाबांच्या मागे या दुकानात बसायला लागून चाळीस वर्षं झाली, यंत्राला हात न लावता नुसत्या कानशीने किल्ली करणारी एवढ्या भागात मीच उरलेय, आणि परवा तीच कानस माझ्या हातून तीनदा खाली पडली. एका गिऱ्हाइकाच्या किल्लीचा तिसरा दात जास्त घासला गेला आणि तो बिचारा पोराबाळांसकट स्वतःच्याच घराबाहेर ताटकळला. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि रडले.

मग डॉक्टरकडे गेले. सायकलच्या दुकानाच्या वर त्याचं तीन खाटांचं इस्पितळ आहे. ठोंब्या, काय माणूस आहे! मी बोलत होते तेव्हा तो ऐकत होता. मध्ये घड्याळ बघितलं नाही, फोन उचलला नाही. मला म्हणाला, "कानस घेऊन या आणि माझ्यासमोर एक किल्ली करून दाखवा, हात कुठे अडतो ते मला बघायचंय." मी केली. तो अर्धा तास बघत उभा राहिला आणि ती वेडीवाकडी किल्ली त्याने स्वतःकडे ठेवून घेतली. म्हणाला, मनगटात नस दाबली गेलीय, महिन्याभरात मोकळी करायला हवी, नाहीतर अंगठा कायमचा जाईल. त्याने लिहिलेली चिठ्ठी मला वाचता आली, अक्षर न् अक्षर! २४ तारखेला शस्त्रक्रिया ठरलीय. मला तो डॉक्टर फार म्हणजे फार आवडला.

आता तुझे नेहमीचे प्रश्न. ते नवीन डबे निघालेत ना, आयुष्यभर टिकणारे? फारच सुरेख. झाकण असं घट्ट बसतं की उघडतच नाही. त्यांचे दोघे भागीदारही फार काळजीवाहू आहेत, एकाच आठवड्यात एकाच दाराचं कुलूप बदलून घ्यायला दोघं वेगवेगळे माझ्याकडे आले होते. ती कंपनी मला मनापासून आवडते.

आणि राग म्हणशील तर सरकारी प्रसूतिगृहाचा. तीन मजले आहेत म्हणून कुणीतरी तिथे लिफ्ट मागतंय. चढू देत की बायकांना! नववा महिना लागला म्हणून काय झालं, व्यायाम होतो. अशा थेरांवर कुणी पैसा घालवला तर मी त्याचं तोंड बघणार नाही.

तू मला अजिबात आवडत नाहीस.

ताई


१२ जून
कार्यालय
खास माणसाच्या हाती

ताई,

डब्यांचं कळलं, लिफ्टचं कळलं. आधी त्या डॉक्टरचं सांग. तो तुला किती आवडला? म्हणजे थोडा आवडला, बरा वाटला, की अगदीच आवडला? तू 'फार म्हणजे फार' लिहिलंयस आणि दुसऱ्या 'फार'पाशी कागदाला मागून उठाव आलाय.

हे बघ, मी काही बोललो नाही असं समज, पण तू त्याच्याकडे जाऊ नकोस. कारण विचारू नकोस. वाचता येईल असं अक्षर असलेला डॉक्टर तूच सांग, तुला संशयास्पद वाटत नाही? तुझ्यासाठी मी मोठ्या इस्पितळात खोली घेतो. ते काचेचं, ज्याला तू मागे "माणसं ठेवायचं फडताळ" म्हणाली होतीस. तिथले हाताचे तज्ज्ञ अत्यंत उद्धट आहेत, मी चौकशी केलीय. ते तुझ्याशी एक शब्द बोलणार नाहीत. तुला ते बिलकूल आवडणार नाहीत, याची मी खात्री देतो.

ताई, मी हात जोडतो. जिथे तुझं मन मुळीच रमणार नाही अशाच ठिकाणी शस्त्रक्रिया करून घे.

तुझा
ठोंब्या


१५ जून
दुकान

ठोंब्या,

तुझ्या माणसाने पत्र दिलं आणि उत्तर मिळेपर्यंत दुकानात उभाच राहिला. तीन गिऱ्हाइकांना वाटलं तो जप्तीला आलाय.

तू म्हणतोस ते पटलं. मी पुन्हा विचार केला. तो डॉक्टर मला आता आवडत नाही. मुळीच नाही. त्याला मिशी आहे. चालताना त्याची चप्पल वाजते. ऐकून घेतो म्हणजे काय, त्याला बोलता येत नसेल. अक्षर चांगलं आहे कारण बिचाऱ्याकडे रुग्ण नाहीत, गिरवायला वेळच वेळ. असा कंटाळवाणा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. तुझं काचेचं इस्पितळ मात्र मला एकदम पसंत पडलंय. काय त्या काचा, काय तो थंडपणा! तिथे जायच्या कल्पनेने मला रात्रभर आनंदाने झोप लागली नाही.

तेव्हा आता तू निश्चिंत राहा आणि मला माझ्या नावडत्या डॉक्टरकडून शस्त्रक्रिया करून घेऊ दे. २४ तारीख पक्की आहे. काल अंगठ्याला टाचणी टोचून बघितली तर कळलं नाही.

तू मला अजिबात आवडत नाहीस.

ताई


१७ जून
सातवा मजला
खाजगी

आदरणीय ताई,

आपण मला ओळखत नाही. मी आपली पत्रं गेली चोवीस वर्षं वाचतो आहे. मी आपल्या बंधूंच्या कंपनीत पत्रविभागाचा प्रमुख आहे आणि ३० तारखेला निवृत्त होतो. आजवर नियम मोडला नाही. आज मोडतो आहे.

आमच्या विभागात मी धरून सहा जण आहोत. तीन विश्लेषक, एक अक्षरतज्ज्ञ, आणि एक बाई, ज्या फक्त कागदाचा वास घेतात. आपलं पत्र आलं की एक दिवस काचेच्या पेटीत ठेवून निवळू देतात. मग तिरप्या दिव्याखाली पेनाचा दाब मोजतात. आपल्याला काय आवडलं त्याची एक यादी होते, कशाचा राग आला त्याची दुसरी. दोन्हींवर सहा सह्या होतात आणि वर शिक्का बसतो, 'उलट करावे'. आपल्याला जी कंपनी आवडते तिच्यातून साहेब पैसे काढून घेतात. ज्या लोकोपयोगी कामाचा आपल्याला राग येतो त्याला त्यांचा न्यास पैसे देतो. कंपनीचं दुसरं धोरण नाही. आपल्याला एकदा सर्दी झाली आणि अक्षर हललं, तेव्हा आम्ही तीन दिवस व्यवहार बंद ठेवले होते. आपल्या पत्राचा तळ मात्र गेली एकोणीस वर्षं आमच्याकडे येत नाही. साहेब खालची दोन बोटं पट्टी कापून घेतात आणि मगच पत्र खाली पाठवतात. तिथे काय असतं ते आम्हाला माहीत नाही.

आता माझा गुन्हा. एकोणीस वर्षांपूर्वी आपण एका पत्राच्या मागे कुलपाच्या आतल्या भागाचं चित्र काढलं होतंत आणि ते परत मागितलं होतंत. ते परत पाठवताना शिक्का मारलेला कागदच मी चुकून पाकिटात घातला. पुढच्या पत्रापासून आपल्या पेनाचा दाब बदलला. स्तुतीची वाक्यं हलकी झाली आणि रागाची त्याहून हलकी. ताई, आपल्याला कळलं हे मला त्याच दिवशी कळलं. मी नोंद केली नाही. आधी नोकरीच्या भीतीने, आणि मग वाचनालयाला छप्पर आलं, बाकं आली, आणि नोंद करावीशी वाटेना.

९ तारखेच्या पत्रात डॉक्टरच्या वाक्यापाशी एकोणीस वर्षांनी जुना दाब दिसला. मला इतका आनंद झाला की मी समासात लाल शाईने 'अस्सल' असं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि घाबरले. त्यांच्या हिशेबी तो डॉक्टर आता आपला हात घालवणार. १५ तारखेच्या पत्रातली डॉक्टरबद्दलची नावड उघडच लटकी आहे, त्याने ते आणखीच घाबरले आहेत. त्या डॉक्टरला न्यासाची शिष्यवृत्ती जाहीर झाली आहे, समुद्रापलीकडच्या विद्यापीठात दोन वर्षं, हाताच्या नसांवर संशोधन. २२ तारखेला निघायचं, नाहीतर रद्द. हा नियम साहेबांनी स्वतःच्या हाताने घातला आहे.

माझ्या एका शब्दाने हे झालं. क्षमा मागायला तोंड नाही.

आपला
पत्रविभाग प्रमुख

वास घेणाऱ्या बाई आपल्याला नमस्कार सांगतात. आपल्या कागदाला लोखंडाचा आणि तेलाचा वास येतो आणि तो त्यांना आवडतो, हे त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.


१९ जून
दुकान

ठोंब्या, मठ्ठा, शुंभा,

आत्ता डॉक्टर येऊन गेला. एका हातात तुझ्या न्यासाचं पत्र आणि दुसऱ्या हातात रुमाल. बारा वर्षं तो या शिक्षणासाठी अर्ज करत होता. मला म्हणाला, "ताई, मी नाही जात, तुमचा हात आधी." मी त्याला जा म्हटलं. बारा वर्षांची वाट बघणं माझ्या अंगठ्यासाठी वाया घालवू का? तो गेल्यावर मी कानस हातात धरून बसले. ती माझ्या हातात आहे हे मला डोळ्यांनी बघून कळत होतं.

आता नीट वाच. हे पत्र सातव्या मजल्यावर पाठवायचं नाही. निवळायला ठेवायचं नाही. आहे तसं वाचायचं.

मला सगळं माहीत आहे. एकोणीस वर्षं माहीत आहे. कुलपाच्या चित्रामागे तुझा गोल शिक्का आला, 'उलट करावे', आणि त्याच्याखाली सहा शहाण्यांच्या सह्या. तेव्हापासूनच तू मला कागदाच्या एकाच बाजूला लिहायला सांगतोस ना?

मी आठवत बसले तेव्हा उलगडलं. मला ती खारी बिस्किटं आवडायची, त्यांच्या कारखान्यात पूर आला. ती इस्त्री आवडली, तिचा मालक पळाला. दंतमंजन आवडलं, त्याने गावाचे दात हिरवे झाले. तिन्ही वेळा तुझे पैसे वाचले आणि तू त्यावरून शास्त्र काढलंस, की ताईला आवडलं म्हणजे बुडालंच. अरे, तो पूर काय मी बिस्किटं खाल्ली म्हणून आला?

त्या दिवशी तुझ्याशी कायमचं बोलणं बंद करणार होते. पोटच्या पोरासारखं वाढवला याला, आणि हा मला पनवती समजून त्यावर इमले बांधतो! दोन दिवस जेवले नाही. मग मनात आलं की एखाद्याने दाराला कुलूप उलटं बसवलं असेल तर आपण दार फोडत नाही, किल्ली उलटी फिरवतो. तेव्हापासून जी कंपनी पोकळ वाटली तिची मी तोंड भरून स्तुती केली. मला कसं कळायचं म्हणून विचारशील. भागीदार भांडले की आधी कुलूप बदलतात. मालक पळायचा असला की मागच्या दाराची एक किल्ली जास्त करून घेतो. पगार थकले की कारकुनांच्या खणांना कुलपं लागतात. हे सगळे माझ्याकडेच येतात रे, चाळीस वर्षं येतात. तुझ्या आठ मजल्यांत जे कळत नाही ते मला इथे स्टुलावर बसून कळतं.

आणि जे व्हावंसं वाटलं त्याला मी शिव्या घातल्या. बाजारातल्या बायका सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून ते "लाड कशाला" लिहिलं. लिहिताना माझीच मला लाज वाटायची. बाकांवर दीड पान लिहिलं कारण त्या रांगेत मी स्वतः चार तास उभी होते.

म्हणजे मला एकोणीस वर्षं बिनडोक समजून तू माझंच ऐकत आलायस. त्याचं मला काही नाही. चरित्र तुझं, रेघा तुझ्या, घाल हार गळ्यात. पण डॉक्टरबद्दल मी आनंदाच्या भरात सुलट लिहून गेले. एकोणीस वर्षांत एकदाच विसरले आणि त्याच एकदा तू माझा हात घेऊन बसलास.

तो डॉक्टर चांगला आहे. मला आवडला कारण तो चांगला आहे. एवढं एक वाक्य तुला जन्मात एकदा सरळ वाचता येतं का बघ.

तू मला अजिबात आवडत नाहीस.

ताई


२१ जून
आठवा मजला

ताई,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग चरित्रकाराला बाहेर जायला सांगून जमिनीवर बसून वाचलं. त्याने बाहेर 'साहेब चिंतनात' असं लिहून घेतलं म्हणे.

डॉक्टरची शिष्यवृत्ती तशीच आहे. फक्त निघायची तारीख मी पुढे नेली, जुलैच्या शेवटावर. मी फोन केला तेव्हा त्याची बॅग भरून दारात होती. मी म्हणालो, २४ तारखेला तुम्हीच करायचं. तो म्हणाला, "अर्थात." त्याला हा सगळा प्रकार कळलेला नाही. त्याला वाटतं न्यासाच्या कारकुनाने तारखेत चूक केली. बरोबरच आहे त्याचं.

सांगू का, मला भीती वाटते. तीस वर्षांची सवय आहे. तुला आवडलं आणि मी पाठ फिरवली नाही असं आजवर एकदाही झालेलं नाही. काल संध्याकाळपासून तीन वेळा फोन उचलला, काचेच्या इस्पितळातली खोली राखून ठेवायला. तिन्ही वेळा ठेवला. तू म्हणतेस तो चांगला आहे, म्हणजे तो चांगला आहे.

सातवा मजला बंद केला. शिक्का मी स्वतः उचलून आणला. प्रमुखांना मी रागावणार होतो, पण ते उभे राहून म्हणाले, "साहेब, एकोणीस वर्षं मी तुमच्याशी बेइमान होतो आणि तुमचा एक पैसा बुडाला नाही." वास घेणाऱ्या बाई पेटीपाशी उभ्या राहून रडत होत्या. प्रसूतिगृहाच्या लिफ्टच्या कागदावर सही केली. तिथे शिक्का मारला नाही, नुसती सही केली.

आता एक विचारतो. तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी कधी कुणाला दाखवली नाही. ती कात्रीने कापून घ्यायचो आणि मगच पत्र खाली जायचं. एकोणीस वर्षांच्या पट्ट्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत, रबर लावून. तुझी बाकीची सगळी वाक्यं मी उलट करायला लोक नेमले होते. ती एक ओळ मात्र मी घरच्यासारखी, जशी आहे तशी वाचत आलो. दर पंधरा दिवसांनी वाचायचो आणि वाटायचं, बरोबरच आहे तिचं, अकरा वर्षं मी तिच्या दारात पाऊल ठेवलेलं नाही, कशाला आवडू?

ताई, तेही उलटं होतं का?

ठोंब्या


३ ऑगस्ट
दुकान

ठोंब्या,

दीड महिना उत्तर नाही म्हणून तू पाठवलेली सात माणसं दुकानाबाहेर एकामागे एक उभी आहेत. त्यांना आधी परत बोलाव. लोकांना वाटतं इथे काहीतरी फुकट मिळतंय.

शेजारणीला सांगून लिहून घेता आलं असतं. पण मला हे स्वतःच्या हाताने लिहायचं होतं. म्हणून हात बरा होईपर्यंत थांबले. अक्षर बघ, उभं आलंय. डॉक्टरने नस मोकळी केली. पट्टी सोडली तेव्हा त्याने माझ्या अंगठ्यावर टाचणी टोचली आणि मी अशी ओरडले की खालचा सायकलवाला धावत वर आला. डॉक्टर हसत होता आणि डोळे पुसत होता. चार दिवसांपूर्वी तो गेला. माझी वेडीवाकडी किल्ली बॅगेत घालून नेलीन त्याने.

तुझा चरित्रकार येऊन गेला. तू पाठवला नव्हतास म्हणे, त्याचा तोच माग काढत आला. विचारत होता, साहेबांच्या यशात बहिणीचा वाटा काय? मी म्हटलं, माझा कसला वाटा, आमचं तर एका गोष्टीवर जमत नाही. त्याने लिहून घेतलं आणि खाली एक रेघ मारली. जाताना त्याला एक कुलूप विकलं. डब्यांची कंपनी गुरुवारी बंद पडली. लिफ्ट सुरू झाली. मी बघायला गेले आणि उगाचच दोनदा वर जाऊन खाली आले.

आता तुझा प्रश्न. मला जे आवडतं त्याच्याकडे तू पाठ फिरवतोस हे मला ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी मी पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायला बसले होते. पेन तसंच हातात राहिलं. तू मला आवडतोस असं लिहिलं आणि ते तू तुझ्या त्या शहाण्यांपुढे ठेवलंस तर? त्यांनी तुझ्यावरच शिक्का मारला असता. तू स्वतःलाच विकून मोकळा झाला असतास, तेवढा शुंभ तू आहेसच. म्हणून मी ते वाक्य लिहिलं, की तुझं काही वाकडं होऊ नये. मला काय माहीत, नेमकी तीच ओळ तू कापून खणात ठेवशील. एकोणीस वर्षं रे! तुला एकदा तरी विचारायला काय झालं होतं? आणि मला तरी सांगायला काय झालं होतं?

सोबत एक किल्ली आहे. बऱ्या हाताने केलेली पहिली. दुकानामागच्या घराच्या दाराची आहे. तिसऱ्या दाताला जरा अडखळते, पण लागते, मी आठ वेळा लावून बघितली. उजवीकडे फिरव, नेहमी फिरवतात तशी. अकरा वर्षं झाली, माणसं पाठवणं पुरे. ये.

आणि ही खालची ओळ कापू नकोस.

तू मला फार म्हणजे फार आवडतोस.

ताई